शर्यतीच्या वाटेवरचा आंबेमोहोर

पुणे ग्रँड टूरच्या आयोजकांना,



१९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत तुम्ही पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर ४३७ किलोमीटरची सायकल शर्यत पार पाडलीत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, २.२ श्रेणीतली अनेक टप्प्यांची शर्यत आपल्या दारात होणे ही लहान गोष्ट नाही. बोरघाटात यंदा ‘घाटाचा राजा’ कोण, याची वाट पाहत मुंबई-पुणे शर्यत बघणाऱ्या मुलखाला तिचे मोल वेगळे सांगायला नको. पुढच्या खेपेचा मार्ग आखताना चढ, उतार, वळणे, रुग्णवाहिका, पोलीस बंदोबस्त अशा शंभर बाबी तुमच्यापुढे असतील. त्यांत आणखी एक धरावी, एवढ्यासाठी हे पत्र. शर्यत ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्यावर काय दिसते, तिथे काय पिकते आणि काय खाल्ले जाते, हे सांगण्याचे काम आयोजनाचाच भाग माना. त्याला माणूस नेमा, वेळ द्या, पैसा द्या. सगळे झाल्यावर उरलेल्या जागेत चिकटवायचे चित्र म्हणून त्याकडे पाहू नका.

हे सायकलच्या शर्यतीलाच का लागू पडते, ते आधी पाहू. क्रिकेटला मैदान असते, कबड्डीला पट असतो, प्रेक्षक तिकीट काढून आत येतो आणि खेळ त्याच्यासमोर तासन् तास चालतो. सायकलच्या शर्यतीला यातले काही नाही. माणूस दोन तास रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि सगळा घोळका त्याच्यासमोरून मिनिटाच्या आत निघून जातो. खुद्द सायकलस्वाराला विचाराल तर तो त्या गावातून गेला एवढेच. त्याची नजर पुढच्या चाकावर असते. पाठीच्या खिशात गोड जेलची पाकिटे आणि कागदात गुंडाळलेल्या भाताच्या वड्या असतात. मोठ्या शर्यतींत आता ताशी ९० ते १२० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असा हिशेब करून हे खाणे दिले जाते आणि ते संघाच्या गाडीतून येते. रस्त्यावरच्या गावाचा त्यात घासही नसतो. म्हणजे ज्यांच्या नावाने शर्यत होते ते रस्त्याकडे पाहत नाहीत आणि जे पाहायला येतात त्यांच्या वाट्याला क्षणभराचा खेळ येतो. उरते ती जागा. या खेळाचे मैदान म्हणजे मुलूखच, आणि मुलूख आपणहून बोलत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते.

फ्रान्सच्या लोकांना हे लवकर उमगले, कारण त्यांची शर्यत मुळात एका वर्तमानपत्राने सुरू केली. १९०३ मध्ये ‘लोतो’ या दैनिकाने खप वाढवण्यासाठी टूर द फ्रान्स भरवली. त्या काळी शर्यत डोळ्यांनी पाहणे फार थोड्यांच्या नशिबी होते, बाकीच्यांनी ती वाचली. डोंगर, गावे, धूळ, खानावळी हे सगळे बातमीत उतरवल्याशिवाय शर्यत वाचकापर्यंत पोचतच नव्हती. पुढे दूरदर्शन आले, हेलिकॉप्टर आले, तरी ती सवय सुटली नाही. ज्याँ-पॉल ओलिव्हिए या पत्रकाराचे वर्षानुवर्षे कामच हे होते की घोळका शांतपणे पेडल मारत असताना खाली दिसणारा किल्ला कोणाचा, मठ कधीचा, ते फ्रेंच प्रेक्षकाला सांगायचे. २०१७ पासून टूरचा प्रत्येक टप्पा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवला जातो. पाच-पाच तासांच्या त्या प्रक्षेपणात निम्मा वेळ शर्यतीत विशेष काही घडत नसते. तरीही लोक बघत राहतात. शेतकरी गवताचे गठ्ठे आणि ट्रॅक्टर लावून शेतात अवाढव्य सायकली रेखाटतात, त्याही आकाशातून दिसाव्यात म्हणूनच. आपले शिवार आज जग पाहणार आहे, हे त्यांना ठाऊक असते.

एका पदार्थाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. १८९१ मध्ये पिएर जिफार या संपादकाने पॅरिसहून ब्रेस्तला आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. तिचा रस्ता मेझाँ-लाफित या गावावरून जाई. तिथल्या लुई द्युराँ या मिठाईवाल्याने १९१० मध्ये, जिफारच्याच सांगण्यावरून असे म्हणतात, सायकलच्या चाकाच्या आकाराचा एक गोड पदार्थ केला. पिठाच्या कड्यावर बदामाचे काप पेरायचे, ते भट्टीत फुगवायचे, मग ते कडे आडवे कापून मध्ये साखरेत परतलेल्या सुक्या मेव्याची दाट मलई भरायची. नाव ठेवले ‘पारी-ब्रेस्त’. व्यावसायिक शर्यत १९५१ नंतर बंद पडली, पदार्थ मात्र आजही फ्रान्सभर मिठाईच्या दुकानांत मांडलेला असतो. दर चार वर्षांनी हौशी सायकलस्वार आजही ब्रेस्तला जाऊन परत येतात. २०१९ आणि २०२३ मध्ये भारतातूनही शेकडो जण गेले होते, त्यात पुण्या-मुंबईचेही होते. पदार्थ टिकला, कारण एका गावाने आपल्या समोरून जाणाऱ्या शर्यतीला आपल्या हाताने आकार दिला.

रस्त्यांचेही तसेच आहे. पॅरिस-रूबे ही शर्यत उत्तर फ्रान्समधल्या जुन्या दगडी फरसबंदीच्या शेतरस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या रस्त्यांवर डांबर पडू लागले तेव्हा शर्यतीच्या प्रेमिकांनी १९८३ मध्ये मंडळ स्थापले, आणि आजही ते स्वयंसेवक उखडलेले दगड हाताने बसवतात. विजेत्याला चषक म्हणून मिळतो तो त्याच फरशीचा एक दगड. इटलीत तोस्कानाचे पांढऱ्या मातीचे रस्ते नाहीसे होऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये ‘एरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी निघाली. तिच्या थांब्यांवर रिबोल्लीता नावाची पाव-भाज्यांची घट्ट आमटी आणि कियांतीची लाल वाइन मिळते. त्याच पांढऱ्या रस्त्यांवर २००७ पासून ‘स्त्रादे बियांके’ ही व्यावसायिक शर्यत होते, आणि तिच्या नावाचा अर्थच ‘पांढरे रस्ते’ असा आहे. लोकांना त्या रस्त्याची ओळख पटली म्हणून तो रस्ता राखायला माणसे उभी राहिली.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. पहिल्या टप्प्याला तुम्ही मुळशी आणि मावळ यांचे नाव दिलेत. मुळशीच्या बाजूला गेले की धरणाचे पाणी दिसू लागते, आणि कॅमेऱ्याला ते फार आवडते. निळे पाणी, मागे सह्याद्री, मधून पळणारी रंगीत सायकलस्वारांची ओळ. पण त्या पाण्याखाली गावे आहेत. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी मुळा आणि नीला यांच्या खोऱ्यात धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. धरण झाले, खोरे बुडाले. बुडालेल्या त्या खाचरांत पिकत होता आंबेमोहोर. आज मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे. दाणा आखूड, उंची जास्त म्हणून रोप वाऱ्यापावसात लोळते, दिवस जास्त घेते, उतारा कमी देते. शेतकऱ्याच्या हिशेबाने तोट्याचेच पीक. पण मुळशीच्या घरात आजाऱ्याची पेज याच तांदळाची, लहान मुलाचा पहिला मऊ भात, वर मेतकूट आणि तूप, याच तांदळाचा. भात रटरटू लागला की झाकणाखालून आंब्याच्या मोहोराचा वास येतो आणि शेजारच्या घरात कळते की आज कोणीतरी खरा आंबेमोहोर लावला आहे. ‘खरा’ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण बाजारात या नावाने भलतेच तांदूळ विकले जातात. पाणी, लढा आणि तांदूळ ही एकच गोष्ट आहे. ती सांगितली तर हेलिकॉप्टरमधून दिसणारे तेच दृश्य वेगळे होते.

मावळात गेल्यावर या तांदळाचा वंश पुढे चालतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि जास्त उतारा देणारी आयआर-८ ही जात यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ काढला. पुण्याच्या कित्येक स्वयंपाकघरांत आज तोच शिजतो. हा वासाचा, किंचित चिकट भात खाणाऱ्याला हे माहीत नसते की तो तांदूळ जन्मला ते गाव शर्यतीच्या मुलखात आहे. त्याच वडगावात जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडून तहावर सही करायला लावली होती. तुमची शर्यत जानेवारीतच होते, हा योगही सांगण्यासारखा आहे. कार्ल्याचे चैत्यगृह आणि लोहगड तर आहेतच. लोहगड, राजगड आणि शिवनेरी हे जिल्ह्यातले तीन किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे थांबत नाही.

तिसरा टप्पा सासवडहून बारामतीकडे नेलात, त्या अंगाला जमीन बदलते आणि ताटही बदलते. पुरंदरच्या अंजिराला मानांकन मिळालेले आहे, पण त्याची खरी ओळख नाजूकपणात आहे. फळ भल्या पहाटे तोडतात, देठातून पांढरा चीक येतो, साल इतकी पातळ की बोटाचा दाब उमटतो. दिवसभरात विकले नाही तर ते हातचे गेले. म्हणून पुरंदरचे ताजे अंजीर दूरवर फारसे पोचत नाही. ते खायचे तर त्या रस्त्यावर यावे लागते, आणि हिवाळ्यात खट्टा बहाराची फळे असतातच. शर्यतीच्या मार्गाला याहून योग्य फळ कोणते? पुढे ज्वारीचा पट्टा लागतो. जानेवारीत कणीस दुधात असते, हुरड्याचे दिवस असतात. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे खुपसायची, कोळपली की बाहेर काढून गरम असतानाच तळव्यावर चोळायची, फुंकरीने फोलपट उडवायचे, मग हिरवे मऊ दाणे, सोबत तिळाची किंवा लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. ‘गूळभेंडी’, ‘सुरती’ ही हुरड्याच्या वाणांची नावे आहेत. त्यांचा उच्चार समालोचनात एकदा झाला तरी ते वाण राखणाऱ्या शेतकऱ्याला बरे वाटेल. आणखी एक. जानेवारी म्हणजे उसाच्या गाळपाचा भर. त्या भागात तेव्हा मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कुटुंबे पालांत राहत असतात, पहाटे थापलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून फडावर जातात. रस्ता बंद झाला की त्यांची बैलगाडी आणि ट्रॉली थांबते. त्या वाटेवरच्या अन्नाची यादी करताना ही भाकरी वगळू नये, अशी माझी विनंती आहे. प्रसिद्ध पदार्थांच्या यादीत ती कधीच येणार नाही, पण तो रस्ता त्या महिन्यात तिच्यावर चालतो.

यावर हरकती येतील, आणि त्यातल्या काही रास्त आहेत. पहिली अशी की ही क्रीडास्पर्धा आहे, खाद्यजत्रा नाही, आणि खेळाला खेळ म्हणूनच मान द्यावा. पण टप्प्यांना ‘मराठा हेरिटेज सर्किट’, ‘वेस्टर्न घाट्स गेटवे’ अशी नावे तुम्हीच दिली आहेत. नावात वारसा आणि घाट घेतल्यावर तो वारसा कोणता, घाटात काय, हे सांगण्याची जबाबदारी आपोआप येते. शिवाय २.२ ही श्रेणी जागतिक उतरंडीत वरची नाही. टूर द फ्रान्स जिंकणारे तारे इथे इतक्यात येणार नाहीत. युरोपातल्या किंवा जपानमधल्या प्रेक्षकाने ही शर्यत पाहावी असे वाटत असेल तर दुसरीकडे कुठे मिळणार नाही असे आपल्यापाशी जे आहे तेच पुढे ठेवावे लागेल. सांगितल्याने खेळाचा मानही कमी होत नाही. चढाची लांबी आणि टक्केवारी सांगताना त्या घाटातून पालखी जाते हे सांगितले, तर तो चढ प्रेक्षकाच्या पायालाही कळतो.

दुसरी हरकत सुरक्षेची आहे आणि ती सर्वांत गंभीर. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने घोळका येत असताना रस्त्याकडेला टपऱ्या, गर्दी, सुटलेले पोर किंवा कुत्रे म्हणजे अपघाताला आमंत्रण. ते मान्य करूनच म्हणतो की खाण्याची जागा रस्त्यावर नको. ती गावात आत असावी, शाळेच्या पटांगणात, देवळाच्या आवारात, आठवडे बाजाराच्या मैदानात. रस्ता बंद असतो ते काही तास लोक कुठेतरी थांबणारच आहेत. त्यांना थांबायला ठरलेली, सावलीची, खाण्यापिण्याची जागा दिली तर ते अवघड वळणावर दाटी करणार नाहीत. अन्नाची मांडणी नीट केली तर ती बंदोबस्ताला मदतच आहे.

तिसरी हरकत निसर्गप्रेमींची. नाव झाले की झुंडी येतात, गडावर बाटल्यांचा खच पडतो, पाण्याकाठी गाड्यांची रांग लागते. हे आपण लोणावळ्याच्या परिसरात रोज पाहतो, त्यामुळे या भीतीला मी हलकी म्हणणार नाही. यूसीआयने २०२१ पासून नियम कडक केला आहे. ठरवून दिलेल्या पट्ट्याबाहेर बाटली किंवा पाकीट टाकणाऱ्या सायकलस्वाराला दंड होतो. तोच नियम प्रेक्षकालाही लावण्याची संधी या पाच दिवसांत आहे, पत्रावळ आणि मातीचे कुल्हड वापरून. आणि काही जागा सांगाव्यात पण तिथे बोलावू नये. गडाची गोष्ट खालच्या गावातही सांगता येते.

चौथी हरकत मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये २०१४ साली टूर द फ्रान्सची सुरुवात झाली. रस्त्याकडेला पिवळ्या सायकली टांगल्या गेल्या, मेंढ्यांच्या कुरणांतून लाखो लोक लोटले, आणि त्या उत्साहावर २०१५ ते २०१९ अशी पाच वर्षे त्या प्रांताची स्वतःची शर्यतही झाली. मग ती थांबली, आणि तिच्यामागची पर्यटनसंस्थाही पुढे मोडली. मग हा खटाटोप कशाला? माझे उत्तर असे की तिथे सगळे एका प्रसिद्धी संस्थेच्या हाती होते. ती गेली तेव्हा तिच्याबरोबर बरेच गेले. आपल्याकडे गोष्ट ज्याची त्याच्याच हाती ठेवावी. मार्गावरच्या प्रत्येक गावाची माहिती ग्रामपंचायतीने, शाळेच्या शिक्षकांनी आणि बचत गटाने मिळून लिहावी. ती तपासायला पुण्यात १९१० पासून काम करणारे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, डेक्कन कॉलेज आहे, भात आणि फळांची संशोधन केंद्रे आहेत. शर्यत उद्या झाली नाही तरी ते लिखाण गावाच्या वाचनालयात राहील. आंबेमोहोर विकायचा तर मानांकनाखाली नोंद असलेल्या शेतकऱ्याचाच विकावा, म्हणजे नावाखाली भलताच तांदूळ खपवण्याचा धंदा शर्यतीच्या आधाराने वाढणार नाही.

प्रत्येक शर्यतीत संघांना मार्गपुस्तिका मिळते. तिच्यात किलोमीटरगणिक वळण, गतिरोधक, चढ, पूल नोंदलेले असतात. पुढच्या खेपेला अशीच एक पुस्तिका लोकांसाठी काढा, मराठीत, आणि तीच समालोचकांच्या हातात इंग्रजीत द्या. कुठल्या किलोमीटरला कोणते गाव, तिथे काय उभे आहे, काय पिकते, त्या महिन्यात कोणाच्या चुलीवर काय शिजते. टप्पा जिंकणाऱ्याच्या हाती पुष्पगुच्छाबरोबर त्या तालुक्याचे काही द्या. पुरंदरात अंजिराची पाटी द्या, मुळशीत मूठभर आंबेमोहोर कापडी पिशवीत शिवून द्या. तो परदेशी पाहुणा ती पिशवी उघडून वास घेईल तो क्षण कॅमेऱ्यात आपोआप येईल.

आणि मुळशीच्या पाण्याकाठचा किलोमीटर त्या पुस्तिकेत आला की ‘नयनरम्य जलाशय’ एवढेच छापून पुढे जाऊ नका. त्या पानावर पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे छापा, एकाखाली एक, सगळी.

कळावे,

आपला
एक सायकलप्रेमी नागरिक